अनोळखी फाइल आणि जुना गिंप: डिझाइनच्या पीसीवर विंडोवाले कंटेनर

सोलापुरातल्या अशोक चौकातलं डिझाइनचं टेबल असो की अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल युनिटचं ऑफिस, लिनक्सवाल्या पीसीच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर सीडीआर, एआय, पीडीएफ असं काहीही पाठवतं. ते उघडून बघितल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकत नाही, आणि त्याच पीसीवर जीएसटीचं लॉगइन आणि बँक असते. दुसरी म्हणजे पीसी डेबियन १३ वर नेला की गिंप ३.० येतो (गिंप म्हणजे चित्रं संपादन करायचा प्रोग्राम), आणि २.१० साठी स्क्रिप्ट-फू या त्याच्याच भाषेत लिहिलेल्या बऱ्याच स्क्रिप्ट त्यात जशाच्या तशा चालत नाहीत. रंग मोजून देणारी, रिपीट लावून देणारी, वर्षानुवर्षं हाताखालची स्क्रिप्ट बंद पडली की जॅकार्डचं (नक्षी विणणाऱ्या मागाचं) काम अडतं.

दोन्हींवर कंटेनर, म्हणजे प्रोग्रामला वेगळ्या बंद खोलीत चालवण्याची सोय, हा उपाय आहे, पण एकच कंटेनर नव्हे. पहिल्या कामात भिंत पक्की हवी. दुसऱ्या कामात जुनी आवृत्ती जपायची आहे, भिंत थोडी कच्ची राहिली तरी बिघडत नाही. नेटवर मिळणाऱ्या बहुतेक कृती ही दोन कामं एकाच दावणीला बांधतात. मग विंडो दिसते खरी, पण वेगळेपणाच्या नावाने शून्य.

खालचं सगळं डेबियन १३, ग्नोम डेस्कटॉप, वेलँड सत्र, ८ जीबी रॅम आणि पीसीवर एकच माणूस लॉगइन असतो हे धरून लिहिलं आहे. आज्ञा, पॅकेजं आणि फोल्डरं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची. --एन्व्ह नंतर बरोबरच्या चिन्हाआधी येणारी नावं, $ ला जोडून येणारी नावं आणि बिल्डच्या फाइलमधले 'फ्रॉम', 'रन' हे शब्द तेवढे मोठ्या अक्षरांत. 'झेफर' हे नाव मोठ्या एक्सने सुरू होतं आणि एक्स११, एक्स०, एक्स५ यांतला एक्सही मोठा.

विंडो दिसते कुठून

कंटेनर म्हणजे वेगळा संगणक नाही. त्याची फाइलव्यवस्था, नेटवर्क आणि प्रोसेसची यादी वेगळी असते, पण कर्नल पीसीचाच. आत चाललेल्या प्रोग्रामला स्क्रीन नसते. विंडो काढायची तर त्याला बाहेरच्या डिस्प्ले सर्व्हरशी (विंडो स्क्रीनवर मांडणारा प्रोग्राम; जुनी पद्धत एक्स११, नवी वेलँड) बोलावं लागतं, आणि ते बोलणं एका सॉकेट फाइलमधून होतं. म्हणजे भिंतीला एक भोक पाडावंच लागतं. कुठलं पाडायचं, एवढाच प्रश्न.

एक्स११ चं सॉकेट /टीएमपी/.एक्स११-युनिक्स या फोल्डरात असतं. एक्स११ १९८७ चा आहे, आणि त्या रचनेत एकाच डिस्प्लेवरचे सगळे प्रोग्राम एकमेकांचे सोबती मानले जातात. एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या विंडोचा फोटो घेता येतो, दुसऱ्यात टाइप होणारी अक्षरंही वाचता येतात. अनोळखी फाइल उघडणाऱ्या प्रोग्रामला हे सॉकेट देणं म्हणजे वॉचमन ठेवून मागचं दार उघडं सोडणं. वेलँडचं सॉकेट /रन/युजर/१००० मध्ये 'वेलँड-०' या नावाने असतं. त्यात प्रत्येक प्रोग्रामला फक्त स्वतःची विंडो दिसते. ग्नोममध्ये स्क्रीनचा फोटो घ्यायचा तर वेगळी परवानगी मागावी लागते, आणि ती मागायचा रस्ता आपण आत देणारच नाही.

म्हणून सरळ वाटणी अशी: अनोळखी फाइलींसाठी इंकस्केप (रेखाचित्रांचा प्रोग्राम), फक्त वेलँडवर. जुन्या कामासाठी गिंप २.१०, एक्सवर, कारण २.१० हा जीटीके-२ वर (विंडो, बटणं काढायच्या साहित्यावर) बांधलेला आहे आणि जीटीके-२ ला वेलँड येतच नाही. त्याला कितीही वेलँडचं सॉकेट दिलं तरी 'कॅनॉट ओपन डिस्प्ले' म्हणून तो परत येणार. अर्धा दिवस डोकं धरून बसण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

पॉडमॅन बसवणं

डॉकर आणि पॉडमॅन हे दोन्ही कंटेनर चालवणारे प्रोग्राम. डॉकरऐवजी पॉडमॅन घेण्याचं कारण साधं आहे. डॉकरची नेहमीची मांडणी रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या) सेवेवर चालते, आणि 'डॉकर' गटात टाकलेला माणूस व्यवहारात रूटच होतो. पॉडमॅन तुमच्याच खात्याखाली चालतो.

सुडो एपीटी इन्स्टॉल पॉडमॅन यूआयडीमॅप

मग /ईटीसी/सबयूआयडी ही फाइल उघडून तुमच्या खात्याच्या नावाची ओळ आहे का बघा. नव्याने बनवलेल्या खात्याला ती आपोआप मिळते. जुन्या पीसीवरून होम फोल्डर उचलून आणलेल्या खात्याला मात्र बऱ्याचदा नसते, आणि मग पॉडमॅन 'नो सबयूआयडी रेंजेस' अशी तक्रार करतो. तेव्हा:

सुडो युजरमॉड --ॲड-सबयूआयडीज १०००००-१६५५३५ --ॲड-सबजीआयडीज १०००००-१६५५३५ खातं

शेवटी 'खातं'च्या जागी तुमचं लॉगइन नाव. त्यानंतर 'पॉडमॅन सिस्टिम मायग्रेट' एकदा चालवा.

पहिली खोली: अनोळखी फाइलींसाठी

होममध्ये दोन फोल्डर करा, 'आलेले' आणि 'तयार'. गिऱ्हाइकाचं जे येईल ते पहिल्यात, तिथून जे आपल्या उपयोगाचं निघेल ते दुसऱ्यात. तिसऱ्या, रिकाम्या फोल्डरात 'कंटेनरफाइल' नावाची फाइल करून त्यात दोनच ओळी:

फ्रॉम डॉकर.आयओ/लायब्ररी/डेबियन:बुकवर्म-स्लिम
रन एपीटी-गेट अपडेट && एपीटी-गेट इन्स्टॉल -वाय --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स इंकस्केप अद्वैता-आयकॉन-थीम फॉन्टकॉन्फिग फॉन्ट्स-नोटो-कोअर && आरएम -आरएफ /व्हार/लिब/एपीटी/लिस्ट्स/*

(फाइलचं नाव टाइप करताना पहिलं अक्षर मोठं. 'अद्वैता' हे ग्नोमच्या थीमचं नाव, स्पेलिंगमध्ये डब्ल्यू येतो.) मग त्याच फोल्डरात:

पॉडमॅन बिल्ड -टी इंकस्केप-खोली .

शेवटचा टिंब विसरू नका. 'याच फोल्डरातून' असा त्याचा अर्थ. आयकॉन-थीम वगळली तर फाइल उघडायच्या चौकटीत बटणांच्या जागी तुटक्या चित्रांची खूण दिसते, म्हणून ती हाताने लिहिली आहे. 'रेकमेंड्स' टाळल्याने इमेज (खोलीचा तयार साचा) बरीच लहान राहते. बिल्ड मधेच थांबून खंड आणि शहर विचारत बसली, तर टाइमझोनचं पॅकेज आत शिरलं आहे असं समजा. त्याच 'रन' ओळीत 'एपीटी-गेट इन्स्टॉल'च्या लगेच आधी डेबियन_फ्रंटएंड=नॉनइंटरॲक्टिव्ह हे लिहिलं की प्रश्न येत नाही (पहिला शब्द मोठ्या अक्षरांत, मधे अंडरस्कोर).

आता चालवायची आज्ञा. ती लांब आहे, म्हणून स्क्रिप्टमध्येच टाकायची. प्रत्येक ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ देऊन ओळ तोडता येते. इथे वाचायला सोपं जावं म्हणून ती दिलेली नाही.

पॉडमॅन रन --आरएम
--नेटवर्क=नन
--रीड-ओन्ली
--कॅप-ड्रॉप=ऑल
--सिक्युरिटी-ऑप्ट=नो-न्यू-प्रिव्हिलेजेस
--युजरएनएस=कीप-आयडी
--मेमरी=२जी
--एन्व्ह होम=/टीएमपी
--एन्व्ह एक्सडीजी_रनटाइम_डिर=/टीएमपी
--एन्व्ह वेलँड_डिस्प्ले=वेलँड-०
--एन्व्ह जीडीके_बॅकएंड=वेलँड
-व्ही /रन/युजर/१०००/वेलँड-०:/टीएमपी/वेलँड-०
-व्ही /होम/खातं/आलेले:/होम/खातं/आलेले:आरओ
-व्ही /होम/खातं/तयार:/होम/खातं/तयार
इंकस्केप-खोली इंकस्केप

१००० हा तुमच्या खात्याचा आकडा. 'आयडी -यू' विचारून खात्री करा. वेलँड-० ऐवजी वेलँड-१ असू शकतं, ते 'एको $वेलँड_डिस्प्ले' सांगेल.

'नेटवर्क=नन' हा यातला सर्वांत मोलाचा शब्द. फाइलमधल्या खोडीने प्रोग्राम ताब्यात घेतला तरी बाहेर काही पाठवायला रस्ताच उरत नाही. सॉकेट ही फाइल असल्यामुळे नेटवर्क नसतानाही विंडो व्यवस्थित दिसते. 'रीड-ओन्ली'ने आतली फाइलव्यवस्था गोठते, पण /टीएमपी आणि /रन पॉडमॅन रॅममध्ये लिहिते ठेवतो. होम /टीएमपीवर नेण्याचं कारण हेच: इंकस्केप जे काही सेटिंग लिहील ते विंडो बंद होताच पुसलं जातं. म्हणून काम 'तयार'मध्येच सेव्ह करा. /टीएमपीत सेव्ह केलेली फाइल लाईट गेली तर जाईलच, पण नुसती विंडो बंद केली तरीही जाईल.

'आलेले' फोल्डर शेवटच्या 'आरओ'मुळे फक्त वाचता येतं. आत आणि बाहेर पत्ता एकच ठेवला आहे, /होम/खातं/आलेले. हे मुद्दाम. आतला पत्ता वेगळा ठेवला, तर फाइल मॅनेजरमधून 'याने उघडा' केल्यावर मिळणारा पत्ता आत सापडत नाही आणि इंकस्केप कोरं पान दाखवतो.

'कीप-आयडी' का, ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढची निम्मी डोकेदुखी वाचेल. साध्या पॉडमॅनमध्ये आतला रूट म्हणजे बाहेरचे तुम्ही. पण आत रूट सोडून दुसरा कुठला वापरकर्ता असेल तर बाहेर तो एक लाखाच्या पुढचा कुणीतरी परका ठरतो. परक्याला तुमचं सॉकेट उघडता येत नाही, आणि तुमच्या 'तयार'मध्ये फाइलही लिहिता येत नाही. कीप-आयडीने आतला १००० तोच बाहेरचा १०००. याची किंमत पहिल्या वेळी मोजावी लागते. पॉडमॅनला इमेजच्या फाइलींची मालकी बदलून वेगळी प्रत करावी लागू शकते, मग पहिल्यांदा विंडो यायला वेळ लागतो आणि डिस्कही जास्त खर्ची पडते. अडकलं समजून कंट्रोल-सी मारू नका.

आणि एक मोह टाळा. बऱ्याच तयार कृतींमध्ये एका सॉकेटऐवजी /रन/युजर/१००० हे अख्खं फोल्डरच आत दिलेलं असतं. काम लगेच होतं. पण त्या फोल्डरात डी-बसचं (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या सोयीचं) सॉकेटही असतं, आणि सत्राच्या डी-बसवर पोहोचलेला प्रोग्राम सिस्टिमडीला (पीसीवरच्या सेवा चालवणाऱ्याला) सांगून भिंतीबाहेर हवी ती आज्ञा चालवून घेऊ शकतो. किरिंग (साठवलेले पासवर्ड), आवाज, एसएसएच एजंट हेही तिथेच आसपास. मग कॅप-ड्रॉप आणि रीड-ओन्ली नुसते शोभेचे. डी-बस न दिल्यामुळे टर्मिनलवर 'सेशन बसशी जोडता आलं नाही' अशा इशाऱ्यांच्या ओळी येतील. येऊ द्या.

दुसरी खोली: गिंप २.१०

डेबियन १२, म्हणजे बुकवर्म, यात गिंप २.१० आहे. कंटेनरफाइल वरच्यासारखीच, फक्त इंकस्केपऐवजी 'गिंप' आणि जोडीला 'ओपनबॉक्स'. पहिली ओळ तीच ठेवली की पायाचा थर डिस्कवर एकदाच राहतो. इमेजला नाव द्या गिंप-खोली. पायथनमध्ये लिहिलेले जुने प्लगइन असतील तर बुकवर्मही कामाचा नाही, कारण डेबियनने पायथन-२ बरोबर गिंपचा तो भाग बुकवर्मच्या आधीच्याच आवृत्तीत काढला. स्क्रिप्ट-फूच्या स्क्रिप्ट मात्र चालतात.

आता डिस्प्ले. वेलँड सत्रातही एक्सवेलँड नावाचा एक्स सर्व्हर जुन्या प्रोग्रामांसाठी चालू असतो. गिंपला त्याचं सॉकेट थेट देता येतं. तसं दिलं तर गिंपला इतर एक्स प्रोग्राम दिसतील, पण वेलँडवर चालणाऱ्या विंडो दिसणार नाहीत. फायरफॉक्स आता मुळातच वेलँडवर चालतो, म्हणजे बँकेचं पान त्याच्या नजरेबाहेर. गिंप आपला, स्क्रिप्ट आपल्या, फाइल आपल्या, एवढं असेल तर हा व्यवहार परवडतो. त्यातही विंडो नेहमीसारखी दिसते, कॉपी-पेस्ट चालतं. आज्ञा अशी:

पॉडमॅन रन --आरएम --नेटवर्क=नन --कॅप-ड्रॉप=ऑल --युजरएनएस=कीप-आयडी --मेमरी=४जी
--एन्व्ह होम=/घर
--एन्व्ह डिस्प्ले=:०
-व्ही /टीएमपी/.एक्स११-युनिक्स/एक्स०:/टीएमपी/.एक्स११-युनिक्स/एक्स०
-व्ही /होम/खातं/गिंप-घर:/घर
-व्ही /होम/खातं/डिझाइन:/होम/खातं/डिझाइन
गिंप-खोली गिंप

'गिंप-घर' हे फोल्डर आधी हाताने करा. जुन्या पीसीवरच्या होममधलं .कॉन्फिग/गिंप/२.१० त्यात त्याच रचनेत ठेवा (यातलं 'गिंप' सगळं मोठ्या अक्षरांत). स्क्रिप्ट, ब्रश, शॉर्टकट सगळं तसंच मिळेल. इथे सेटिंग टिकायला हवीत, म्हणून रीड-ओन्ली नाही आणि होम /टीएमपीवर नाही. इथे भिंतीपेक्षा सवय मोठी.

ग्नोमने एक्सवेलँडवर तुमच्या खात्याला आधीच परवानगी दिलेली असते, आणि कीप-आयडीमुळे कंटेनर तुमच्याच आकड्याने हजर होतो. म्हणून 'एक्सहोस्ट' सहसा लागतच नाही. 'ऑथरायझेशन रिक्वायर्ड' असं आलं तर आधी कीप-आयडी लिहिलं आहे का ते बघा. 'एक्सहोस्ट +' हा नेटवरचा रामबाण टाळा. त्याने डिस्प्लेची परवानगी तपासणीच बंद होते.

बाहेरून आलेली एक्ससीएफ किंवा पीएसडी गिंपमध्येच उघडायची वेळ आली, तर मात्र एक्स० देऊ नका. तेव्हा झेफर घ्या. 'एक्ससर्व्हर-झेफर' पॅकेज बसवून:

झेफर :५ -स्क्रीन १६००x९०० -रिसायजेबल -नो-होस्ट-ग्रॅब &

एका विंडोत वेगळाच एक्स सर्व्हर उभा राहतो. कंटेनरला डिस्प्ले=:५ आणि एक्स५ हे सॉकेट द्या, आणि शेवटी नुसतं 'गिंप' न लिहिता

एसएच -सी "ओपनबॉक्स & गिंप"

असं लिहा. ओपनबॉक्स नसेल तर झेफरमध्ये विंडो मॅनेजरच नसतो. गिंपच्या चौकटी एकमेकींवर चिकटून बसतात, हलत नाहीत, आणि आकडा टाइप करायच्या खान्यात कर्सरच जात नाही. 'नो-होस्ट-ग्रॅब'चं कारण वेगळं आहे. झेफर कंट्रोल-शिफ्ट दाबलं की माऊस आणि कीबोर्ड स्वतःकडे धरून ठेवतो. गिंपमध्ये एक्स्पोर्ट म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-ई. दर एक्स्पोर्टला माऊस त्या विंडोत अडकतो आणि पीसी बिघडला असं वाटतं. 'रिसायजेबल'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये झेडच्या नंतरचा ई तसाच ठेवून लिहायचं, नाहीतर पर्याय ओळखत नाही.

झेफरची मर्यादा: बाहेरचं कॉपी-पेस्ट आत जात नाही, मराठी टायपिंग पोहोचत नाही, पेन टॅब्लेटचा दाबही नाही. बघण्या-तपासण्यापुरतं ठीक. रोजचं रेखाटन त्यात करायला जाऊ नका.

खोली बरोबर बसली का, हे तपासणं

विंडो उघडली म्हणजे झालं असं नाही. जॅकार्डला १३४४ हुक असतील तर चित्राची रुंदी १३४४ पिक्सेल. एक उभी रांग म्हणजे एक हुक, एक आडवी म्हणजे बाण्याची एक पिक. एक पिक्सेल सरकला तर चादरीवर ते दिसतं. म्हणून जुन्या पीसीवर तयार झालेली एखादी बीएमपी घ्या. तीच मूळ फाइल नव्या खोलीत उघडून तीच स्क्रिप्ट चालवा, इंडेक्स्ड मोडमध्ये डिदरिंग 'नन' ठेवून एक्स्पोर्ट करा, आणि टर्मिनलमध्ये 'सीएमपी' या आज्ञेने दोन्ही बीएमपी ताडून बघा. काहीच उत्तर आलं नाही तर दोन्ही फाइली बाइटन् बाइट सारख्या. फरक आला तर आधी कलरमॅप उघडून रंग मोजा. सहा रंगांच्या डिझाइनमध्ये तेवीस दिसले, तर आकार बदलताना इंटरपोलेशन 'नन' नव्हतं आणि कडांना मधले रंग तयार झाले. कंटेनरचा यात दोष नाही, नव्या होमात ते सेटिंग आलेलं नाही एवढंच.

दुसरी तपासणी मेमरीची. गिंप पहिल्यांदा चालताना पीसीची रॅम बघून टाइल कॅशचा (चित्रासाठी रॅम किती वापरायची याचा) आकडा ठरवतो. त्याला आतूनही पूर्ण ८ जीबीच दिसते, तुम्ही घातलेली मर्यादा दिसत नाही. मोठ्या फाइलवर तो निवांत वाढत जातो, मर्यादेला टेकतो, आणि कर्नल त्याला मारतो. विंडो काही न बोलता नाहीशी होते. लगेच टर्मिनलवर 'एको $?' विचारा, १३७ आलं तर कारण बहुतेक हेच. प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिम रिसोर्सेसखाली टाइल कॅश मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास आणा. ४ जीबीला २ जीबी.

अक्षरं

चौकोन दिसले तर आत फॉन्ट नाही. बाहेरचे फॉन्ट कंटेनरला दिसत नाहीत, हे विसरायला होतं. नोटो-कोअरमध्ये देवनागरीबरोबर तेलुगू आणि कन्नडही आहे. सोलापुरात लेबलावर कधी कुठली लिपी येईल सांगता येत नाही, म्हणून तेच पॅकेज सोयीचं. 'इंकस्केप-खोली' नंतर 'इंकस्केप'ऐवजी 'एफसी-लिस्ट :लँग=एमआर' लिहून चालवलं तर मराठीचे फॉन्ट आत आहेत का ते कळतं. मग विंडोत 'सिद्धेश्वर' लिहून बघा. 'द्ध' आणि 'श्व' जोडून आले म्हणजे अक्षरजुळणीही ठीक.

डीटीपीवाल्यांकडून येणाऱ्या फाइलींत बऱ्याचदा युनिकोडच्या आधीच्या काळातले फॉन्ट असतात. त्यांचा मजकूर नोटोने दिसणार नाही, इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. तो फॉन्ट पीसीवर असेल तर आज्ञेत एक ओळ वाढवा:

-व्ही /होम/खातं/.लोकल/शेअर/फॉन्ट्स:/युएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स:आरओ

नसेल तर मजकूर कर्व्हमध्ये बदलून पाठवा असं गिऱ्हाइकाला सांगणं हाच जवळचा रस्ता.

मराठी टायपिंग वेलँडच्या खोलीत सहसा काही न करता चालतं, कारण जीटीके-३ तिथे ग्नोमकडूनच अक्षरं घेतो आणि आयबस आत बसवावा लागत नाही. गिंपमध्ये ही सोय नाही. मराठी अक्षरं इंकस्केपमध्ये लिहून पीएनजी करून गिंपमध्ये आणणं झटपट होतं.

अडलं तर कुठे बघायचं

'कॅनॉट ओपन डिस्प्ले' आलं की शेवटच्या शब्दाऐवजी 'एलएस -एल /टीएमपी' (एक्सच्या खोलीत 'एलएस -एल /टीएमपी/.एक्स११-युनिक्स') देऊन तीच आज्ञा चालवा. सॉकेट आत दिसलं पाहिजे, आणि ओळीची सुरुवात 'एस' अक्षराने झाली पाहिजे. 'डी' असेल तर ते फोल्डर आहे. डॉकर वापरत असाल तर हे हमखास होतं: बाहेरचा पत्ता चुकला की डॉकर त्या नावाचं रिकामं फोल्डर तयार करून मोकळा होतो. पॉडमॅन अशा वेळी सरळ नकार देतो, ते बरं. सॉकेट बरोबर असेल तर 'आयडी' चालवून आकडा १००० येतो का बघा.

काल चालत होतं, आज नाही, असं झालं तर कंटेनर जुना चालूच ठेवला आहे का? लॉगआउट करून परत आलात की वेलँडचं सॉकेट नव्याने तयार होतं. जुन्या कंटेनरच्या हातात मेलेलं सॉकेट राहतं. '--आरएम' लावून दर वेळी नवा कंटेनर उघडण्याचं हेही एक कारण.

क्यूटीवर (हेही जीटीकेसारखंच साहित्य) बांधलेला एखादा प्रोग्राम एक्सच्या खोलीत काळी किंवा कोरी विंडो दाखवू लागला, तर एक्सच्या शेअर्ड मेमरीची गडबड असते: कंटेनरची मेमरी वेगळी, आणि सर्व्हर ती बाहेर शोधतो. --एन्व्ह क्यूटी_एक्स११_नो_एमआयटीएसएचएम=१ देऊन बघा. '--आयपीसी=होस्ट'नेही सुटतं, पण ते आणखी एक भोक. ब्राउझर कंटेनरमध्ये चालवणार असाल तर टॅब कोसळण्याचं नेहमीचं कारण /डेव्ह/एसएचएम फक्त ६४ एमबी असणं; '--एसएचएम-साइज=१जी' द्या.

फेडोरावर सगळं बरोबर असूनही 'परमिशन डिनाइड' येतं, ते एसईलिनक्स या तिथल्या जादा सुरक्षेमुळे. विंडोवाल्या खोल्यांसाठी '--सिक्युरिटी-ऑप्ट=लेबल=डिसेबल' लागतं. होमच्या फोल्डरांवर मोठ्या 'झेड'चा पर्याय वापरू नका; त्या अख्ख्या फोल्डराचं लेबल बदलून बसतं.

प्रिंटर आत द्यायच्या भानगडीत पडू नका. 'तयार'मध्ये पीडीएफ काढा आणि बाहेरून प्रिंट मारा. ग्राफिक कार्डसाठी '--डिव्हाइस=/डेव्ह/डीआरआय' असतं, पण इंकस्केप आणि गिंपला त्याची गरज नाही.

मेनूत आणणं, दुसऱ्या पीसीवर नेणं

आज्ञा .लोकल/बिन मध्ये स्क्रिप्ट म्हणून ठेवा, शेवटी "$१" जोडा आणि 'सीएचमॉड +एक्स' करा. मग .लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये .डेस्कटॉप फाइल करून एक्झेकच्या (पहिलं अक्षर मोठं) ओळीत स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता आणि पुढे %एफ. त्या ओळीत $होम किंवा लाटेसारखं चिन्ह चालत नाही, कारण ती ओळ शेलमधून जात नाही. आयकॉन दिसतो, क्लिक केलं की काहीच होत नाही, यामागे बहुतेक वेळा हेच असतं. नाव 'इंकस्केप (बाहेरची फाइल)' असं सरळ द्या, म्हणजे टेबलावर बसणाऱ्या नव्या पोरालाही कुठलं उघडायचं ते कळेल.

युनिटमध्ये तीन-चार पीसी असतील तर प्रत्येकावर पुन्हा डाउनलोड कशाला?

पॉडमॅन सेव्ह -ओ गिंप-खोली.टार गिंप-खोली

ही फाइल पेनड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या पीसीवर 'पॉडमॅन लोड -आय गिंप-खोली.टार'. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये असेल तर ४ जीबीची मर्यादा लक्षात ठेवा. या इमेज त्याच्या आत बसतात. गिंप-खोलीची एक टार जपून ठेवलीत तर पुढे बुकवर्मचे सर्व्हर बंद झाले तरी खोली हातात राहते.

इंकस्केप-खोलीचं उलट आहे. ती जपायची नाही, ताजी ठेवायची. महिन्यातून एकदा 'पॉडमॅन बिल्ड --पुल --नो-कॅश -टी इंकस्केप-खोली .' चालवा, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या आत येतात. जुन्या इमेज 'पॉडमॅन इमेज प्रून'ने निघतात, आणि डिस्क कुठे गेली ते 'पॉडमॅन सिस्टिम डीएफ' सांगतो. बुकवर्मला डेबियनचा दीर्घ पाठिंबा जून २०२८ पर्यंत आहे; त्याआधी पहिल्या ओळीत 'बुकवर्म-स्लिम'च्या जागी 'ट्रिक्सी-स्लिम' (म्हणजे डेबियन १३) करून टाका.